राणीमाशीचं बाळंतपण

धानोरा, बुधवार

आदरणीय नानाजीभाऊ,

आपणांस व विहीणबाईंना धानोऱ्याहून सविनय जय भीम. आपला गुडघा आणि आपली म्हैस, दोघांचीही प्रकृती बरी असावी. हर्षा आणि आपली बारा दिवसांची नात सुखरूप आहेत हे ऐकून जिवात जीव आला. आम्हीही ठीक. (माझा डावा कान सोडून. त्याचं पुढे येईलच.) फोन सोडून पत्र काऊन, असं आपल्या मनात येईल. तर तिकडे फोन हर्षा उचलते आणि इकडे आमची मीराबाई शेजारी बसून ऐकते. दोघींच्या मधे माणसाला मनातलं बोलता येत नाही.

बाब आहे हर्षाच्या मधमाश्यांच्या पेटीची. माहेरी निघताना सूनबाईनं ती माझ्या हवाली केली, कारण संघपाल (आपला जावई, माझा मुलगा, सहा फूट उंच) माशी दिसली की घरात पळतो. या माश्या तिनं मध काढणाऱ्या सुकलूसोबत जंगलात जाऊन झाडाच्या ढोलीतून स्वतः काढून आणलेल्या. कागदावर तीन सूचना लिहून दिल्या: थंडीत पेटीवर गोणपाट टाका, आठवड्यातून एकदा साखरेचं पाणी ठेवा, पेटी उघडू नका. तिसरीखाली दोन रेघा. "तुमच्या भरवशावर सोडून जाते, बाबा," एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. आमच्याकडची थंडी आपल्याला ठाऊकच आहे. तीन दिवस मी आज्ञेत राहिलो. चौथ्या सकाळी पेटीतून आवाज येईना. सगळ्या गारठल्या की काय म्हणून मी भोकाला कान लावला. एक तरी जिवंत होती, हे लगेच सिद्ध झालं. कान पुरीसारखा फुगला.

त्या दिवसापासून मी रोज झाकण उघडून बघू लागलो. एखाद्याच्या अंगावरची रजई घटकेघटकेला उचलून थंडी तर वाजत नाही ना असं विचारावं, तसा हा प्रकार, हे आता कळतं. दारात रोज पाच-दहा माश्या मरून पडलेल्या दिसत आणि मी ताट सोडून पुन्हा पेटीकडे जात असे. शेवटी मीराबाईनं विचारलं, आत एवढं असते तरी काय. मी सांगून बसलो की आत एक राणीमाशी असते आणि ती सदोदित अंडी घालते. इथे माझं चुकलं. आमच्या गल्लीतली अकरा बाळंतपणं मीराबाईच्या हातची, सगळी सुखरूप. ती ताडकन उठली. "मंग थे बाळंतीणच झाली न! तिले शेक कोनं देल्ला?"

काल सकाळी पेटीखाली शेगडी आली. निखाऱ्यावर मूठभर ओवा पडला, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून भोवती चादर. (चादर मी धरली होती. नाही म्हणायचं धाडस चाळीस वर्षांत झालं नाही, कालही झालं नाही.) दहा मिनिटांत अख्खं मोहोळ बाहेर. अंगणात दोन फेऱ्या मारून माश्या समोरच्या अयूबभाईंच्या स्कूटरच्या हँडलवर जाऊन बसल्या. अयूबभाई रजया भरतात, थंडी म्हणजे त्यांचा ऐन हंगाम, रजया पोचवायच्या होत्या. पण बिचाऱ्यांनी वाकडा शब्द काढला नाही. पाहुण्या जेवून जाणार की मुक्कामाला राहणार, एवढंच दोनदा विचारलं.

सुकलूला बोलावलं. त्यानं तो घोस ओंजळी-ओंजळीनं सुपात घेतला आणि पेटीत सोडला. निम्म्या परतल्या असतील. मग शेगडीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "भाऊ, थंडीचं त्याइले समजते. एकमेकीले बिलगून गरम राह्यतेत त्या. तुम्ही निस्ती हवा येऊ द्या."

आज ऊन चढल्यावर काही माश्या तुरीच्या फुलांकडे जाताना दिसल्या. हर्षा येईपर्यंत टिकतील की पुन्हा उडून जातील, सांगता येत नाही. मला भीती वाटते, नानाजीभाऊ. पोरीनं विश्वासानं दिलेली एकच गोष्ट, तीही मला सांभाळता आली नाही.

विहीणबाईंना जय भीम, नातीला गोड पापा.

आपला,
हरिदास

ता. क. – हर्षानं विचारलं तर माश्या मजेत आहेत म्हणावं.

ता. क. दुसरा – वरचं लिहिताना मीराबाई शेजारी लसूण सोलत होती. आता ती नळावर गेली आहे, म्हणून खरं काम लिहितो. रविवारी संघपालच्या हाती आम्ही जी मोठी पिशवी पाठवली, तिच्यात अशीच शेगडी आणि दोन शेर ओवा आहे. बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या सव्वा महिना घट्ट बंद ठेवा, असा मीराबाईचा विहीणबाईंना निरोपही आहे. कालपासून माझ्या डोळ्यांपुढून ती खोली हलत नाही. माश्यांना पंख होते, त्या निघून गेल्या. हर्षा मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. ती लेकराला घेऊन धुरात बसून राहील. पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ देतो आहे. हाती पडताच शेगडी बाहेर काढा, खिडकी उघडा. मीराबाईनं विचारलं तर माझं नाव सांगा.