चार बोटांची पट्टी

रवि., १३ जुलै

घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

दुपारी धबधब्याखालच्या ओढ्यात एक मुलगी वाहून चालली होती. सात-आठ वर्षांची, आईबापांबरोबर फिरायला आलेली. मधल्या कातळाला अडकली. आज आमच्या बचाव पथकाची पाळी, काठावर मी एकटाच. केशरी जॅकेट, शिट्टी, दोरी, सगळं अंगावर. शिकवलंय तसं आधी दोरी झाडाला बांधायला घेतली. दोन गाठी मारायच्या असतात. दुसरी मारत होतो तेवढ्यात चहाच्या टपरीवरून कोणीतरी पळत आलं. निळा घट्ट ड्रेस, पाठीवर लाल कापड, डोळ्यांवर काळी पट्टी. रिसॉर्टच्या गेटवर पोरांशी हात मिळवत उभा असतो तो हिरो. लाल कापड ओढून फेकलं आणि सरळ पाण्यात.

विलास, माझा लहानपणापासूनचा दोस्त. दुसरा कोण असणार.

पोरीला छातीशी धरून कातळाला पाठ लावून बराच वेळ थांबला. मग एकेक पाऊल टाकत पलीकडच्या काठाने बाहेर. माझी दोरी हातातच. बाप ओरडतोय, "अहो, नाव तरी सांगा!" तर हा म्हणाला, "ड्युटी हाय," आणि पळाला.

गाठ मात्र चांगली बसली होती. सोडवायला दहा मिनिटं लागली.

सोम., १४ जुलै

व्हिडिओ सगळीकडे. आंबी गावाला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये फोन हातोहात फिरत होता. "कोण असंल रं ह्यो?" एकच प्रश्न. पट्टीमुळे ओळखू येत नाही म्हणे. चार बोटांची पट्टी! तिने झाकतं काय? भुवया आणि थोडं नाक. कान बाहेर, हनुवटी बाहेर, चाल तर अख्खी बाहेर.

व्हिडिओत मीपण आहे. डाव्या कोपऱ्यात, झाडापाशी, तोंड उघडं, पुरता दिसतो. खाली कुणीतरी लिहिलंय, "दोरीवाले काका नुसते बघतायत." काका! मी चौतीसचा. आणि ज्याच्या डब्यातली भाजी मी रोज खातो तो शेजारी बसून व्हिडिओ बघत होता, त्याने मला ओळखलं नाही. मी भाजी वाढून घेतली.

झाकलेला माणूस सगळ्यांना हवा, आणि उघडा माणूस...

मंगळ., १५ जुलै

शिफ्ट सुटल्यावर विलासकडे गेलो. रविवारी संध्याकाळीच त्याला कामावरून काढलं. गेट सोडून बाहेर गेला, ड्रेस फाडला, ही कारणं. तेव्हा व्हिडिओ कुणी बघितला नव्हता. काल मॅनेजरचा फोन आला की परत ये. हा म्हणाला, "ड्रेस तुमाला दिलाय, धुऊन घ्या," आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "अरे, सांग की लोकांना तूच व्हतास म्हणून."

"नको. आयला सांगितलंय मी तितं सुपरवायझर हाय. गेटवर नाचतो म्हणून कुटं सांगू? तूबी बोलू नको."

मावशी, म्हणजे त्याची आई, आतून चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून हसल्या.

येताना वाटेत राग आला. नाव नको म्हणतो आणि त्यामुळे अजून मोठा होतो. लहानपणापासून हेच. कबड्डीत चढाई त्याची, पकडीत गुडघे माझे फुटायचे. विहिरीत वरच्या काठावरून उडी त्याने मारायची आणि त्याचे कपडे मी सांभाळायचे.

गुरु., १७ जुलै

बातमीवाले आले होते स्टेशनपासून गावापर्यंत विचारत. आमच्या भाजे गावात प्रत्येकाला माहीत आहे. तरी एकाचंही तोंड उघडलं नाही. टपरीवाले आबा, ज्यांचा अर्धा चहा टाकून तो पळाला, ते म्हणतात, "काय म्हाईत बुवा, तोंडावर पट्टी व्हती."

घरी शीतल तिसऱ्यांदा व्हिडिओ बघत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझा एक फोटो तिने तिसऱ्यांदा बघितलेला मला आठवत नाही.

विचारलं, "तू कशावरून ओळखलंस?"

"चालीवरून. इलासभावजी डावा पाय जरा बाहेर टाकत्यात."

"आणि मावशींना खरंच माहीत नाही?"

"असं कसं आसंल? मागल्या म्हयन्यात त्या निळ्या ड्रेसचा गुडघा त्यांनीच शिवला. माझ्याकडनं दोरा नेला व्हता."

म्हणजे आईला माहीत. तिला माहीत आहे हे शीतलला माहीत. फक्त विलासला वाटतंय की कुणाला माहीत नाही. लहानपणी हिरोंच्या गोष्टी वाचताना आम्ही यावरून भांडायचो. मी म्हणायचो, हे खोटं आहे, पट्टी बांधली तर घरचे ओळखणारच. तो म्हणायचा, ओळखत्यात, पण बोलत न्हाईत. तो बरोबर होता. यातही तोच.

आणि गाव गप्प राहतं ते त्याच्यासाठी. माझ्यासाठी कोण कशाला गप्प राहील? लपवण्यासारखं माझ्याकडे आहेच काय.

शनि., १९ जुलै

रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन. नंबर पथकाच्या फलकावरून मिळाला म्हणे. जाऊन भेटलो.

मुलीचे आईवडील उद्या येतायत. त्यांना हिरोला भेटायचंय, कॅमेरेवाले असतील. "सर, तुमची उंची सेम आहे. तुम्ही तिथे होतातच की, रेस्क्यूमध्येच होतात. मास्क काढायचा नाही, नाव सांगायचं नाही. आमची पॉलिसीच आहे ती. खोटं काय बोलायचंय यात?"

"विलासला बोलवा ना."

"तो आता आमच्याकडे नाही."

विचार करून सांगतो म्हणालो. खरं लिहायचं तर खुर्चीतून उठायच्या आधीच हो म्हणालो होतो.

शीतलला सांगितलं, उद्या पथकाचं काम आहे.

रवि., २० जुलै

ड्रेस पोटावर ताणला जात होता. श्वास ओढूनच उभा राहिलो. डाव्या गुडघ्यावर शिवण, काळ्या दोऱ्याची. मावशींचीच.

गेटवर गेलो तर पोरं अशी धावली की मला मागे वळून बघावंसं वाटलं, कोण आलंय. कुणी बोट धरतंय, कुणी विचारतंय उडता येतं का. लय छान वाटलं. लपवत नाही. अर्धा तास मी जगातला सगळ्यात...

आमच्या गावच्या चार बायका तिथे साफसफाईला आहेत. सुनीता झाडू घेऊन समोरच होती. मला बघितलं, पायापासून वरपर्यंत. ओळखलं. मान खाली घालून झाडायला लागली. सगळ्या तशाच. विलासच्या वेळी बोलल्या नाहीत तशाच माझ्याही वेळी बोलल्या नाहीत. एखादी हसली असती तरी चाललं असतं.

मग ती मुलगी आली. पिवळा फ्रॉक, कोपराला पट्टी. सरळ येऊन कंबरेला मिठी मारली. तिची आई रडत होती, वडील माझा हात सोडत नव्हते. कॅमेरे. आणि मला कुणाचा राग आला असेल? विलासचा. मिठी माझ्या अंगावर होती आणि होती त्याचीच. ड्रेस घालूनही माझ्या वाट्याला काही येईना.

मुलगी म्हणाली, "पाण्यात तुम्ही मला काय म्हणालात ते आईला सांगा ना. ती खरं मानत नाही."

डोळ्यांवरची पट्टी सारखी केली. म्हणालो, "तूच सांग."

"हे म्हणाले, रडू नकोस, मीपण लय घाबरलोय. आपण दोघं धरून थांबू."

सगळे हसले. हिरो कुठे घाबरतो का, कुणीतरी म्हणालं. मी पट्टीच्या आत डोळे मिटून घेतले.

विलास घाबरलेला मी आयुष्यात बघितला नाही. मला त्याने कधी दाखवलं नाही. एका परक्या पोरीला सांगितलं.

सोम., २१ जुलै

पेपरात फोटो. शीतलने घडी घालून भाकरीच्या डब्याखाली ठेवला. जेवताना एवढंच म्हणाली, "पोट लय आत वढलं व्हतं."

थोड्या वेळाने, "इलासभावजींना तुमी सांगितलं का?"

मी भाकरी मोडत राहिलो. ताट उचलून ती आत गेली.

बुध., २३ जुलै

मळवली स्टेशनवर विलास भेटला. काम शोधत तळेगावला चालला होता. तुमच्या कंपनीत बघ म्हणाला, मी बघतो म्हणालो. फोटोचा विषय त्याने काढला नाही. मग गाडी येताना एकदम, "ती पोरगी बरी हाय का रं?"

"बरी आहे. कोपराला लागलंय थोडं."

"काय बोलली का?"

"न्हाई," म्हणालो.

तो गाडीत चढला. दारात उभा राहून हात केला. मी फलाटावर तसाच. त्याच्या वाटणीची एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती पण मी ठेवून घेतली. कशासाठी, विचारलं तर सांगता येणार नाही. एवढं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

शुक्र., २५ जुलै

मॅनेजरचा निरोप. दर रविवारी या, लोक विचारतायत. अजून उत्तर दिलं नाही. पथकाचीही रविवारीच पाळी. केशरी जॅकेट खुंटीला आहे, त्याच्याकडे बघवत नाही.

शीतल माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

शनि., २६ जुलै

राहवलं नाही. सकाळीच विलासकडे गेलो. अंगणात सायकलची चेन लावत बसला होता, हात काळे.

म्हणालो, "रविवारी गेटवर मी होतो."

"म्हाईत हाय. सुनीतानं तवाच फोटो धाडला." चेन लावता लावताच बोलला. "गुडघ्याची शिवण ऱ्हायली का?"

"राहिली."

"आयची हाय ती." म्हणजे मावशींना माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

मग सांगितलं, स्टेशनवर खोटं बोललो, पोरगी बोलली होती. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. रडू नकोस, मीपण लय घाबरलोय.

त्याचा हात थांबला. माझ्याकडे वर बघितलं. ऊन तोंडावर, तोंडावर काहीच नाही, ना पट्टी ना काही. म्हणाला, "मी? मी कवा असं बोललो? पोरगी हाय, काहीबी सांगती."

आणि हसला.

तीस वर्षं हे तोंड बघतोय. हातभर अंतरावरून बघत होतो. खरं बोलत होता की लपवत होता, मला कळलं नाही. घाबरला असेल तर मी त्याच्यावर उगाच जळत आलो. नसेल, तर त्या पोरीला धीर द्यायला घाबरल्याचं सोंग केलं, आणि ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. म्हणजे दोन्हीकडून...

मावशींनी जेवायला थांबवलं. थांबलो. तिघंही भलतंच बोलत राहिलो.

मॅनेजरचे तीन मिस्ड कॉल. उद्या दहाला गेट उघडतं, पथकही दहालाच जमतं. शीतल विचारतेय सकाळी डबा कशाचा करू. तिला म्हणालो, कर काहीही, कुठे जाणार ते सकाळी सांगतो.