पिशोरच्या टेकड्यांमधली तार

सर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला पत्रबित्र आवडायचं नाही, "काय ते तोंडानं बोल" म्हणायचात. आता तोंडानं कुणाशी बोलू?

एक दुपार सारखी आठवते. मी लासूर स्टेशनकडून हेलिकॉप्टर घेऊन आलो, ऊन मी म्हणत होतं, हँगरमागच्या खोलीत शिरलो आणि थेट चहाचा कप उचलला. तुम्ही तो हातातून काढून घेतला. भिंतीवर आपला मोठा नकाशा. वाटेत दिसलेली प्रत्येक नवी विजेची तार, प्रत्येक टॉवर उतरल्या उतरल्या त्यावर लाल पेन्सिलीनं काढायचा, हा तुमचा नेम. "आधी पेन्सिल, मग चहा. लई दमलास व्हय? तार दमत नाय बाबा." सगळ्यांसमोर बोललात. मला असला राग आला होता! तार वरून दिसत नाही, खांब शोधायचे, हेही तुमच्याकडूनच शिकलो. पिशोरच्या पुढं दोन टेकड्यांमधून गेलेली जुनी तार तुम्ही स्वतः काढली होती, एकदा तिच्यापासून थोडक्यात वाचल्यावर.

तुमच्यानंतर टॅब आले. मांडीला पट्ट्यानं बांधायचे, बोट फिरवलं की नकाशा, हवामान, सगळं हजर. उन्हात तापून मधेच काळे पडतात, पण वस्तू चांगली आहे, तिला दोष देत नाही. तुमच्या लाल खुणा टॅबमध्ये भरायचं काम माझ्याकडं आलं. चार दिवस बसलो. वरचा एक कोपरा राहिला. खोलीला रंग द्यायचा म्हणून नकाशा उतरवला, मी म्हटलं सोमवारी भरू, आणि 'सर्व खुणा भरल्या' या कागदावर सही ठोकून मोकळा झालो. तो सोमवार काही आला नाही. कोपऱ्यात काय होतं, मला पाठ होतं हो.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी एका रुग्णाला आणायला पिशोरच्या पुढं निघाली होती. हुशार पोरगी, तुम्हाला आवडली असती. दारातून विचारलं, "सर, तिकडं काही आहे का?" मी फोनवर होतो. म्हणालो, "टॅबमध्ये बघ की." तिनं बघितलं. टॅबमध्ये काहीच नव्हतं.

हेलिकॉप्टर त्याच तारेत अडकून पडलं. ती वाचली. रुग्ण अजून बसलाच नव्हता, तेवढंच नशीब. तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. चौकशीत मला विचारलं, ही तार कुणाला माहीत होती का? मी 'नाही' म्हणालो. सर, मी इतक्या सहज 'नाही' म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. अहवालात आलं, तार कुठल्याच नकाशात नव्हती, वैमानिकानं बाहेर नीट नजर ठेवायला हवी होती.

परवा तिच्या घरी गेलो, सिडकोत. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ती म्हणते, "सर, तुम्ही शिकवलं होतं ना, खांब शोध म्हणून. मला दिसायलाच पाहिजे होते. मीच कमी पडले." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही, पाठ केल्यासारखं बोलली. वर्षभर हेच घोकत बसली असणार. तिच्या आईनं विचारलं, "सर, आता हिला परत उडता येईल का हो?" मी म्हणालो, "बघू, होतं असं, कुणाचंही होतं." त्या माउलीनं माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले आणि मी ते खाल्ले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

तुम्ही असता तर कानफटात दिली असती आणि धरून तिच्या दारात उभं केलं असतं. तसं करणारं आता कुणी नाही, आणि माझ्यानं एकट्यानं होत नाही.

एक सांगतो, सर. आज बसलो होतो तिलाच लिहायला. वर तिचं नाव लिहिलंही होतं. मग ते खोडून 'सर' लिहिलं, कारण तुम्हाला पाठवावं लागणार नाही.