टाकीत विरघळलेला शर्ट

ताई,
धाकट्याचा नमस्कार. हे पत्र बाबांच्या हाती देऊ नकोस, आधी तू वाच.

मी ठणठणीत आहे. खोलीतला सोबती घोरतो, पण ते असो. सध्या एका प्रयोगशाळेत टाक्या घासतो. इथे प्लॅस्टिक खाणारं एन्झाइम बनवतात. पोटातला रस अन्न पचवतो ना, तसा हा रस प्लॅस्टिक पचवतो. मला वाटलं, थापा!

परवा त्या रसाच्या टाकीतलं पाणी आयतं कढत होतं, म्हणून आळसानं शर्ट त्यातच भिजत टाकला आणि विसरलो. आज बघतो तर शर्ट गायब! तू हातानं घातलेले सुती टाके तेवढे तरंगत होते.

"अरे, शर्ट पॉलिस्टरचा होता ना? म्हणजे बाटलीचंच प्लॅस्टिक," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

ताई, बाबांच्या छातीत बसवलेली रक्ताची नळी पॉलिस्टरचीच ना गं? डॉक्टर म्हणाले होते, शर्टाचंच कापड समजा. तीही विरघळेल का, मी घाबरत मॅडमना विचारलं.

"वेड्या, या रसाला कढत पाणी लागतं. तुझे बाबा माणूस आहेत की किटली?"

सगळे हसले. मीही हसलो, पण हे पत्र लिहायच्या आधी कोपरापर्यंत हात तीनदा धुतले.

बाबांना ताप येतो का गं अजून? किती चढतो?

सुट्टी मंजूर झालीय. येतो. पण आल्याआल्या अंघोळीला पाणी काढून ठेव, आणि तोवर बाबा जवळ घ्यायला आले तर काहीतरी सांगून अडव.

तुझा,
भटक्या