सरकारी अटी आणि साहेबांच्या सासूबाई

तीर्थरूप मामा,

कंबर धरल्यामुळे जेवढं वाकवतं तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गच्चीतली गळती, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. कंपनी मात्र सरकारच्या सलाईनवर आहे, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

सरकारनं आमचा मोटारींचा कारखाना बुडताना वाचवला, पण बाहेर काढताना कान धरून काढला. मदतीसोबत अटींचं बाड आलं, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला एक बाई आल्या. (आम्ही त्यांना देखरेखबाई म्हणतो, अर्थात त्या खोलीत नसताना.) साहेबांचं विमान विकायला काढलं, वरिष्ठांचा बोनस बंद झाला. हे सगळं आम्ही सोसलं. पण एक अट अशी होती की सगळ्या अधिकाऱ्यांनी यापुढे फक्त आपल्याच कंपनीच्या गाडीतून फिरायचं. तेव्हा मात्र सभेवर सुतकी कळा पसरली. तोवर आमच्यापैकी कुणीही आमच्या गाडीत बसलेलं नव्हतं. मी तर जाहिरात विभागात. 'घरातली सगळ्यांची लाडकी' हे मी गाडीला हातही न लावता लिहिलं होतं.

गोदामात न खपलेल्या पांढऱ्या गाड्या होत्या, त्याच सगळ्यांना वाटल्या. पहिल्याच संध्याकाळी आवारात एकसारख्या गाड्यांची रांग. मी आपली वाटली ती उघडली, किल्ली फिरवली आणि निघालो. सीट जरा पुढे वाटली, पण नव्या गाडीचे काही स्वभाव असतात म्हणून सोडून दिलं. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "जावईबापू, आज बरी चालवताय हो. पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही."

मी ब्रेक दाबला. तेव्हा ते हललं.

मागे मोठ्या साहेबांच्या सासूबाई होत्या. साहेब त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन आले होते आणि एका सहीपुरते वर गेले होते. डोळ्यांत औषध घातल्यानं बाईंना दिसत नव्हतं, त्यामुळे त्या झोपल्या होत्या.

"मी जावई नाही," मी म्हणालो.

"मग चोर का?"

"नाही, जाहिरात विभागात असतो."

"म्हणजे तेच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टेकून बसल्या.

परत आलो तर आवारात पोलीस, साहेबांचा चेहरा गाडीच्या रंगाचा आणि पायरीवर देखरेखबाई. साहेब घाईनं म्हणाले, "दार उघडं राहिलं होतं, एवढंच." देखरेखबाईंनी माझी किल्ली घेतली आणि शेजारची गाडी उघडली. मग तिच्या पलीकडची. रांगेत एकच गाडी उघडली नाही, कारण तिचं कुलूपच बिघडलेलं होतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर गेलं तर मदत थांबेल. कारखाना बंद पडेल, बाई." मी त्यांना पहिल्यांदाच विनवणी करताना पाहिलं. त्यावर गाडीतून सासूबाई म्हणाल्या, "अहो, बंद नका करू. जावईबापू दिवसभर घरी बसले तर आम्ही कुठं जायचं?" देखरेखबाई हसल्या. (असे प्रसंग आमच्याकडे विरळा.)

मदत थांबली नाही, नवी अट आली: विकलेल्या प्रत्येक गाडीचं कुलूप विमानाच्या पैशांतून फुकट बदलायचं, आणि नवी किल्ली साहेबांनी स्वतः ग्राहकाच्या हातात द्यायची. साहेब आवारात उभे राहिले आणि लोकांनी हौस फेडून घेतली. पण एक निवृत्त शिक्षिका भांडल्या नाहीत. किल्ली घेताना म्हणाल्या, "बाजारातून आलं की कधी आरसा हललेला, कधी आत परकीच छत्री. मला वाटायचं, माझीच बुद्धी चालली. मुलानं डॉक्टरही शोधला होता." साहेबांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि मुलाला फोन लावून, चूक आमची आहे, असं स्वतः सांगितलं. सभेत हे वाक्य त्यांना वर्षभर जमलं नव्हतं.

असो. गुडघ्याला जपा, मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता.क. मामा, विक्री वाढावी म्हणून आणखी एक अट आली आहे: प्रत्येक अधिकाऱ्यानं नात्यातला एक ग्राहक आणायचा. सासरच्यांनी माझे फोन घेणं बंद केलं आहे. तुमची ती दुसऱ्या कंपनीची गाडी आता जुनी झाली, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

ता.ता.क. तुमच्या नावानं नोंदवली आहे. गुरुवारी सकाळी माणूस घेऊन येईल, घरीच थांबा. मामींना पत्र वाचून दाखवताना 'लाडकी'पर्यंतच वाचा.