डावा खांदा

रविवार, संध्याकाळ. निमोणे.

मुंबईची ट्रायथलॉन पूर्ण केली. सायकल, धावणं विसरलोय, डोक्यात फक्त समुद्र हाय.

गावच्या विहिरीत गोल पोहायची सवय, त्यामुळं समुद्रातही मी सारखा डावीकडं वळत होतो. दरवेळी कुणीतरी डाव्या खांद्याला ढकलून मला सरळ करायचं. शेजारचा स्पर्धक असेल म्हणलं. बाहेर आल्यावर आमच्यावर लक्ष ठेवणारा होडीवाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या डावीकडं कुणीच नव्हतं."

भास? असेल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोहायला शिकताना तू पायऱ्यांकडं वळलास की तुझं आप्पा असंच ढकलायचं."

वडील बुडून गेले तेही त्याच विहिरीत.

दोनदा अंघोळ केली. डाव्या खांद्याला अजून शेवाळाचा वास येतोय. समुद्राचा न्हाई, विहिरीचा.