एफची रिकामी जागा

३ मार्च, सोमवार
सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सामानवाल्यांनी माझ्या कपाटाचा पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं, की कपाट आधीपासून लंगडंच होतं. वेळ लिहून ठेवते. कोर्टात लघुलेखिका म्हणून जन्म गेला, खोड जात नाही. एवढं सोडलं तर दिवस झकास गेला. दुसरा मजला, दोन खोल्या, मागच्या खोलीत भरपूर उजेड. खाली शिंपी राहतो. त्याच्या यंत्राची घरघर जिन्यापर्यंत येते, सोबतीला बरी. कपाटाखाली लाकडाचा तुकडा त्यानेच सारून दिला. गिटार पाहून विचारलं, या वयात हे कोण शिकतं? मी सांगितलं, ज्याची बोटं शाबूत आहेत तो.

६ मार्च, गुरुवार
गिटारचा वर्ग पुढच्याच गल्लीत. मास्तर तिशीतला, केसांचा अंबाडा माझ्यापेक्षा मोठा. शिकवतो मात्र नीट. त्याची पद्धत अशी: घरी गाणं एका दमात रेकॉर्ड करायचं, चुकांसकट, आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. दुसऱ्याचं गाणं आपण म्हटलं की त्याला कव्हर म्हणतात. जी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायची स्वरांची जुळणी, जमत नाही तिथे थांबायचं नाही आणि खोटंही वाजवायचं नाही. तेवढी जागा रिकामी सोडून पुढे जायचं. जागा सोडली की कॉर्ड आपणहून येऊन बसते, म्हणाला.

माझं घोडं एफ नावाच्या कॉर्डवर अडलं. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. माझं बोट म्हणतं, बाई, मीही रिटायर झालोय.

बाकीचे त्या जागी काहीतरी खरडतात, गुणगुणतात, खोकतात. मी कॉन्व्हेंटची. सिस्टर गप्प म्हणाल्या की आम्ही श्वाससुद्धा परवानगीने घ्यायचो. माझी रिकामी जागा अगदी रिकामी असते. मास्तरने सर्वांसमोर कौतुक केलं.

१३ एप्रिल, रविवार
इतके दिवस सराव केला, आज धीर करून आईचं आवडतं गाणं ग्रुपवर टाकलं. एफच्या जागी अर्थात शांतता. ताईलाही पाठवलं. थोरली बहीण माझी. दुसऱ्या गावी असते. आजारपणापासून बोलताना तिचे शब्द मध्येच हरवतात. धाकटे, मला ते... म्हणते आणि शब्दाची वाट बघत बसते. मीही बसते. शब्द पुरवला की चिडते, मी काय मुकी आहे का म्हणते. आम्हा दोघींना एकमेकींशिवाय कोणी नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. गाणं... गोड आहे. आईच... आली. तिला सांभाळणारी बाई सांगत होती, की दिवसभर तेच लावून बसल्यात.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर अभिनंदनं सुरू झाली. म्हणे, एफ जमली. मी ऐकलं. माझ्या रिकाम्या जागेत एफ आहे. सफाईदार, एकही तार न भुणभुणता.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी हात घातला. मास्तरला फोन करून चांगलं झाडलं. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, की असं कोणी केलेलं नाही. शपथा मी पुष्कळ टिपून घेतल्या आहेत. ही खरी वाटली, याचाच राग आला.

१७ एप्रिल
जागा तशीच सोडून पुन्हा रेकॉर्ड केलं. कोणालाही पाठवलं नाही. एफ आहे. तिच्या आधी एक श्वास आहे, वाजवायच्या आधी घेतात तसा. माझा नव्हे. मी त्या वेळी गात होते.

न्यायाधीश माझ्या कानांवर विसंबून असत. मला भास होत नाहीत.

२० एप्रिल
मास्तरला ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला. जागा कधीपासून सोडताय, विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं. तुम्हीच शिकवलंत. मग खाली बघत सांगू लागला: त्याच्या गुरूंनी त्याला बजावलं होतं, जागा महिन्याच्या आत भरायची, आणि अगदी शांत तर कधीच सोडायची नाही. कोणी ना कोणी येऊन बसतं. आम्हाला का नाही सांगितलं, तर म्हणे इतकी स्वच्छ कोणी सोडेल असं वाटलंच नाही. माझं कौतुक करताना बरं त्याला हे सुचलं नाही.

उपाय एकच, म्हणाला. तुमची तुम्ही भरा. लवकर.

२४ एप्रिल
बोट सोललं. पण जमली. एफ माझी आहे, जराशी भुणभुणते. रेकॉर्डिंगमध्ये तेवढीच. श्वास नाही.

शिंप्याला वर बोलावून ऐकवली. म्हणाला, आधीची जास्त सफाईदार होती. आधीची कुठे ऐकलीस, विचारलं. खाली माझ्यापर्यंत ऐकू यायची की, म्हणाला. तुम्ही बाजारात गेलात तरी चालूच असायची —

गिटार कपाटात ठेवली. कुलूप लावलं.

२५ एप्रिल
ताईचा फोन. सलग बोलली. एकही शब्द हरवला नाही. आनंदाने मला रडू आलं. मग नीट ऐकलं.

जिथे शब्द हरवायचा तिथे आवाज तिचा नाही. कोवळा. सफाईदार. आणि त्याच्या आधी तो श्वास.

गाणं मीच पाठवलं होतं. इथली जागा मी भरली, म्हणून ती तिकडे —

२६ एप्रिल
बाईला गाणं पुसायला सांगितलं. पुसलं म्हणते. ती खूश आहे. किती छान बोलतात आता, म्हणते.

आज "धाकटे" एवढंच ताईचं होतं. बाकी सगळं त्या दुसरीचं.

२७ एप्रिल
आज "धाकटे"सुद्धा —

२८ एप्रिल, सोमवार
मास्तर, हे पान फाडून तुमच्या दाराखालून सरकवणार आहे. माणसात शिरलेलं कायमचं बाहेर कसं काढायचं, ते गुरूंना विचारून मला लेखी कळवा. शनिवार, ३ मे, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार नाही. फोनवरच्या कोणत्याही आवाजावर माझा आता विश्वास नाही.

तोवर मला सुचेल ते मी करते. एफ येते, तरी वाजवणार नाही. तीच जागा, तशीच गप्प सोडणार. तिने इकडे यावं. ताई अडखळू दे. वाट बघायला मी आहे.

वाजवलं. जागा सोडली.

ताईचा फोन. धा... धाकटे, म्हणाली. मग... मग... आणि शब्दच मिळेना. तिचीच. माझी ताईच.

मुदत तीच, मास्तर. उत्तर माझ्या हातात द्या. आधी मला एफ वाजवायला सांगा. माझी तार भुणभुणते, ही खूण. भुणभुणली नाही तर ती मी नव्हे, कागद देऊ नका, आणि ताईला माझा फोन उचलू —