टिटवीमायच्या दर्शनाले येऊ नका

तीर्थरूप शेषराव मामाले,

कुलदीपचा कपाळाले माती लागेपर्यंत दंडवत. मामीचा गुडघा कसा हाये? तुमचा बसलेला आवाज उठला का? (नसन उठला तर बसूच द्या. काहून, ते पुढं समजते.) फोन नाई केला, कारन फोनवर तुमी मंधातच बोलता, चिठ्ठी पुरी वाचा लागते. आपली आचलताई तुमच्या अकोल्याले येऊन राहिली, तिच्या हाती देतो.

तर मामा, आमच्या तलावाखालच्या माळावर रविवारी अमरावतीचे लोकं येतात. पार्ट्या करतात, ड्रोन उडवतात, मातीत गाडी गरगर फिरवून रील काढतात. मी काई सज्जन नाई. गेल्या महिन्यात सगळ्यात मोठा स्पीकर माह्याच गाडीवर होता. मी नाचून राहिलो, तं एक टिटवी पंख मोडल्यावानी लंगडत समोर आली. मी तिच्या मांगं, ती पुढं. शंभर पावलं नेलं अन भुर्र उडाली! आख्ख्या गावाले मी बनवतो, अन मले एका पाखरानं बनवलं. एवढं नाटक काहून केलं म्हनून वापस येऊन पाह्यतो तं माह्या चाकापासून वीतभर दूर चार अंडे. उघड्यावर, गोट्यायच्याच रंगाचे. स्पीकर तिथंच बंद केला बाप्पा.

मंग पाटी लावली, 'येथे गाडी लावू नये.' लोकायनं त्या पाटीलेच गाड्या टेकवल्या. म्हनून अंड्यायपासून दहा पावलांवर पाच गोटे मांडले, शेंदूर फासला, अन शेजारच्या मानिकबाईच्या कानात सोडलं, "माळावर टिटवीमाय निघाली!" (मानिकबाईचा कान म्हंजे गावचा भोंगाच.) पह्यल्या रविवारी एक गाडी आली नाई. दुसऱ्या रविवारी लाईन लागली. नारय, अगरबत्त्या, देवीसंग फोटो. अन खरी टिटवी दूर उन्हात उभी राहून बोंबलते. मामा, ती तलावात पोट भिजवून येते अन वल्ल्या पोटानं अंडे थंडे करते, म्या सोता पाह्यलं. मानसं असले की येतच नाई. अंडे उन्हात शिजून जातीन.

त्यात समजलं, शनिवारी तुमचं भजनी मंडळ दोन भोंगे घेऊन येऊन राहिलं. मामा, हात जोडतो. ती देवी मीच हाव.

तुमचा लाडका भाचा (इथपर्यंत वाचेपर्यंत तरी),
कुलदीप

ता. क. : खरं काम हे हाये. माहं खरं बी लोकायले खोटं वाटते, अन तुमचं काईबी खरं वाटते. तं सांगून द्या, देवी सपनात आली अन म्हने, "मी बाळंतीन हाये, सव्वा महिना कोनी भेटाले येऊ नका." टिटवीकडून पाह्यलं तं खोटं बी नाई.

ता. क. दुसरं : आत्ताच दुरून पाहून आलो. एका अंड्याले चीर गेली, अंदरून चोच हालून राहिली! तुमाले पाहा वाटलं तं एकटेच या. टाळ घरी ठेवा, चप्पल माळाच्या अलीकडंच काढा. मी बी काढतो. (पायाचा आवाज होत नाई म्हनून. दुसरं काई समजू नका.)